विश्लेषण : गाडीमागचे फिरते घर ‘लेव्हल’ का करावे लागते? दोन अंशांचा उतार किती महागात पडू शकतो?

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन सहलीला जाणाऱ्यांचे पहिले काम तंबू ठोकणे किंवा शेकोटी पेटवणे हे नसते. आधी चाकाखाली ठोकळे, मग पाचर, मग जॅक. हा क्रम चुकला तर फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो, क्वचित आग लागू शकते आणि अडीच टनांहून जड घर उतारावरून चालू लागू शकते.

अमेरिकेतील सहलींचा हंगाम मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारी, म्हणजे ‘मेमोरियल डे’च्या सुट्टीला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, ‘लेबर डे’ला ओसरतो. या तीन महिन्यांत पिकअप ट्रकमागे पांढरे खोके जोडून निघालेली कुटुंबे महामार्गांवर जागोजागी दिसतात. त्यात मराठी कुटुंबेही असतात. मुलांकडे मुक्कामाला गेलेले आईबाबा मग नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडीओ टाकतात. आत पलंग, गॅस, बेसिन, न्हाणीघर, फ्रिज, सगळे आहे आणि खिडकीबाहेर डोंगर. त्या व्हिडीओत सहसा न दिसणारा भाग म्हणजे त्याआधीची अर्ध्या-पाऊण तासाची खटपट. सगळे गणित तिथे असते.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे नेमके काय?

इंजिन असलेली मोटारहोम वेगळी आणि ट्रॅव्हल ट्रेलर वेगळा. ट्रेलरला स्वतःचे इंजिन नसते, तो ट्रकमागे जोडून ओढला जातो. मध्याच्या किंचित मागे एक किंवा दोन आस, त्यावर चाके आणि पुढे इंग्रजी ‘ए’ आकाराची लोखंडी जीभ. ही जीभ ट्रकच्या मागच्या गोळ्यावर बसते. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार या जिभेवर असावा, असा दंडक आहे. कमी असला तर ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा झुलतो. म्हणजे २,७०० किलोच्या ट्रेलरमध्ये २७० ते ४०० किलो एकट्या जिभेवर.

ट्रक सोडवला की हा भार पेलायला काहीतरी हवे. बैल सोडल्यावर बैलगाडीच्या पुढच्या बाजूला टेकू देतात, काही भागांत त्याला ‘शिपाई’ म्हणतात, तेच काम इथे जिभेवरचा उभा जॅक करतो. फरक इतकाच, की हा शिपाई हँडल फिरवून किंवा मोटरने वरखाली होतो. त्यामुळे ट्रेलरची पुढची बाजू हवी तेवढी उचलता येते. डावी-उजवी बाजू उचलण्याची अशी सोय मात्र बहुतेक साध्या ट्रेलरमध्ये नसते. पुढची सगळी कसरत या एका उणिवेमुळे आहे.

थोडे तिरके राहिले तर बिघडते काय?

काही गोष्टी कुणालाही चटकन कळतात. डोके खाली आणि पाय वर अशा पलंगावर रात्रभर झोप लागत नाही. न्हाणीचे पाणी मोरीकडे न जाता कोपऱ्यात साचते. दार आपोआप उघडते किंवा बंद होते. तव्यावरचे तेल एका कडेला जमते आणि डोशाला दोन वेगळ्या जाडी मिळतात. हे सगळे सहन करता येते. फ्रिजचे तसे नाही.

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांतल्या बहुतांश कॅम्पसाइटवर वीज नसते. यलोस्टोनसारख्या अवाढव्य उद्यानात वीज, पाणी आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या एकाच जागी, फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये मिळतात. (तिथे कापडी तंबूंना परवानगी नाही. कारण अस्वले.) बाकी ठिकाणी फ्रिज चालवायचा कसा, या प्रश्नावर ट्रेलर उद्योगाचे जुने उत्तर म्हणजे गॅसवर चालणारा फ्रिज. ज्योत पेटवायची आणि बर्फ जमवायचा. ऐकायला विचित्र वाटते, पण हॉटेलच्या खोलीतल्या आवाज न करणाऱ्या छोट्या फ्रिजमागेही अनेकदा हेच तंत्र असते. फक्त तिथे ज्योतीच्या जागी विजेचा हीटर असतो.

याला ‘अ‍ॅबसॉर्प्शन’ फ्रिज म्हणतात. स्टॉकहोममधील दोन विद्यार्थ्यांनी, बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी, १९२२ मध्ये तो शोधला आणि पुढे इलेक्ट्रोलक्स कंपनीने तो बाजारात आणला. घरातल्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो. इथे कॉम्प्रेसर नाही, पंप नाही, फिरणारा एकही भाग नाही. बंद नळ्यांमध्ये पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन असतो. खाली ज्योतीने पाणी-अमोनियाचे मिश्रण उकळते. अमोनियाची वाफ वर जाते, थंड होऊन द्रव बनते, मग हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा तिची वाफ होते आणि ती होताना फ्रिजमधली उष्णता शोषली जाते. शेवटी पाणी तो अमोनिया पुन्हा आपल्यात घेते आणि मिश्रण उताराने घरंगळत उकळणीकडे परत येते.

‘उताराने घरंगळत’ हा यातला कळीचा शब्द. परतीचा प्रवास निव्वळ गुरुत्वाकर्षणावर चालतो. नळ्यांचे उतार कारखान्यात काटेकोर ठरवलेले असतात आणि ते फ्रिज सरळ उभा आहे असे धरून ठरवलेले असतात. ट्रेलर तिरका राहिला, की द्रव एखाद्या वळणात साचतो आणि उकळणीच्या नळीत पुरेसा पोहोचत नाही. ज्योत मात्र चालूच. नळी कोरडी तापते. नळ्या आतून गंजू नयेत म्हणून मिश्रणात सोडियम क्रोमेट नावाचे रसायन घातलेले असते. अति तापल्यावर त्याचे खडे बनतात आणि ते नळीत अडकतात. नंतर ट्रेलर कितीही सरळ केला तरी ते खडे विरघळत नाहीत. म्हणजे नुकसान साठत जाते. एका सहलीत दोन तास, दुसऱ्या सहलीत एक रात्र, असे करत एके दिवशी फ्रिज गार होणेच थांबवतो आणि मालकाला वाटते, आज अचानक बिघडला.

यातली वाईटात वाईट शक्यता म्हणजे वारंवार तापून नळीला तडा जाणे. आत दाबाखाली हायड्रोजन आणि अमोनिया, शेजारी उघडी ज्योत आणि भोवती लाकूड-प्लास्टिकचे घर. त्यामुळे फ्रिजमधून अमोनियाचा झोंबणारा वास आला किंवा मागच्या झडपेतून पाहिल्यावर नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली, तर फ्रिज लगेच बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी बाहेर पडावे. पिवळी भुकटी म्हणजे नळीतून बाहेर आलेले तेच क्रोमेट.

रस्त्यावर धावताना ट्रेलर सतत हलतो, तेव्हा हे का होत नाही? कारण तिथे तो क्षणात इकडे, क्षणात तिकडे कलतो. द्रव एका जागी साचून राहत नाही. धोका असतो तो तिरके उभे राहण्यात.

अलीकडच्या अनेक ट्रेलरमध्ये १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारे कॉम्प्रेसरचे फ्रिज येतात. त्यांना कलण्याचा एवढा जाच नसतो. पण जुने किंवा भाड्याने घेतलेले ट्रेलर वापरताना आत कोणता फ्रिज आहे हे आधी विचारलेले बरे.

किती तिरके चालते?

अनेक गॅस फ्रिजच्या माहितीपुस्तिकेत एका दिशेला ३ अंश आणि दुसऱ्या दिशेला ६ अंश ही कमाल मर्यादा दिलेली असते. ३ अंश म्हणजे किती? ट्रेलरच्या डाव्या आणि उजव्या चाकांत साधारण सहा फूट, म्हणजे १८० सेंटिमीटर अंतर धरले, तर एका अंशाला सुमारे ३ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि तीन अंशांना साडेनऊ सेंटिमीटरचा. म्हणजे एका बाजूचे चाक दुसऱ्यापेक्षा चार बोटे खाली असले तरी आपण मर्यादेच्या काठावर असतो. गवताळ कॅम्पसाइटवर एवढा फरक डोळ्यांना जाणवतही नाही. झोपणाऱ्याला मात्र तो त्याच्या कितीतरी आधी जाणवतो.

मोजायचे कशाने? गवंड्याची पाणसळ, म्हणजे स्पिरिट लेव्हल, इथेही तेच काम करते. काचेच्या नळीतल्या बुडबुड्याची ही युक्ती फ्रान्सच्या मेल्शिसेदेक तेवनो यांची, १६६१ च्या सुमाराची. आज साडेतीनशेहून अधिक वर्षांनी ट्रेलरच्या पुढच्या भिंतीवर आणि कुशीवर तसलीच नळी चिकटवलेली असते. ब्लूटूथवर चालणारी यंत्रेही मिळतात. ती चालकाला फोनवर थेट सांगतात, ‘उजवी बाजू अडीच इंच उचला’. आत बसवलेला कलमापक कोन मोजतो आणि आधी भरलेल्या रुंदीवरून उंची काढतो. दहावीच्या त्रिकोणमितीपलीकडचे त्यात काही नाही.

फोनमधले लेव्हल अ‍ॅपही चालते, पण एक खबरदारी हवी. फोन पाठीवर ठेवला, तर कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे तो मुळातच तिरका असतो. त्यामुळे तो लांबीच्या कडेवर उभा धरून मोजावा. आणि मोजायची जागा टेबल नव्हे, फ्रीजरचा तळ.

क्रम काय असतो आणि तोच का?

नवखे चालक सर्वाधिक चुका इथे करतात. क्रम असा : आधी डावी-उजवी बाजू, मग चाकांना अडसर, मग ट्रक सोडवणे, मग पुढची-मागची बाजू आणि सर्वांत शेवटी कोपऱ्यांतले स्थिरक जॅक.

डावी-उजवी बाजू ट्रक जोडलेला असतानाच करावी लागते, कारण चाक ठोकळ्यावर चढवायला ट्रकच हवा. ठोकळे प्लास्टिकचे, एकमेकांत अडकणारे, साधारण इंचभर जाडीचे असतात. रंग भडक नारिंगी किंवा पिवळा, लहान मुलांच्या खेळातले वाटतील असे. तीन इंच उचलायचे असेल तर खाली तीन, त्यावर दोन, त्यावर एक अशी उतरंड रचतात, म्हणजे चाक पायरी-पायरीने चढते. दोन आस असतील तर त्या बाजूच्या दोन्ही चाकांखाली उतरंड हवी. टायर पूर्ण रुंदीने ठोकळ्यावर बसला पाहिजे, अर्धा लोंबकळता राहिला तर त्याच्या आतल्या तारा दुखावतात. अलीकडे केळ्याच्या आकाराची वक्र पाचरही वापरतात. चाक तिच्यावर हळूहळू चढवायचे आणि बुडबुडा मध्ये आला की थांबायचे. घरात एक जण चालवतो आणि एक जण बाहेरून हात दाखवतो. अनेक जोडप्यांची सहलीतली पहिली बाचाबाची इथेच होते, असे गमतीने म्हटले जाते.

त्यानंतर ट्रक सोडवायच्या आधी, आणि ‘आधी’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा, चाकांना पुढून आणि मागून अडसर लावायचा. घाटात ट्रक थांबला की क्लीनर उडी मारून चाकाखाली दगड सारतो, तोच हा प्रकार. कारण अमेरिकी ट्रॅव्हल ट्रेलरला सहसा हँडब्रेकच नसतो. त्याचे ब्रेक विजेवर चालतात आणि त्यांना इशारा ट्रककडून मिळतो. ट्रकची वायर काढली की ब्रेक गेले. ट्रेलर धावताना तुटून सुटला तर ब्रेक लावणारी एक आपत्कालीन कळ असते, पण ती ट्रेलरच्या बॅटरीवर चालते. पार्किंगसाठी ती वापरली तर बॅटरी संपते आणि ब्रेक सुटतात. युरोपातील कॅराव्हॅनना मात्र हँडब्रेक असतो. त्यामुळे तिकडचे व्हिडीओ पाहून अमेरिकेत ट्रेलर लावणाऱ्याची फसगत होऊ शकते.

हिशेब पाहा. २,७०० किलोचा ट्रेलर २ अंशांच्या उतारावर उभा आहे. त्याला खाली खेचणारा जोर सुमारे ९४ किलो वजनाइतका भरतो. टायर आणि जमिनीतला गडगडण्याचा विरोध कठीण जमिनीवर वजनाच्या एक-दीड टक्का, म्हणजे २७ ते ४० किलो. उरलेला ५४ ते ६७ किलोंचा जोर ट्रेलरला हलवायला पुरेसा आहे. सुरुवातीला तो इतका सावकाश सरकतो, की माणूस सहज हाताने धरायला जातो. पण एकदा अडीच टनांहून जास्त वजनाने वेग घेतला, की एका माणसाला ते थांबवता येत नाही. त्याने त्याच्या वाटेतून बाजूला होणे हेच खरे.

म्हणूनच जाणकार एक जास्तीची काळजी घेतात. गोळ्यावरून जीभ उचलतात, पण सुरक्षेच्या साखळ्या मात्र शेवटपर्यंत ट्रकला तशाच ठेवतात. अडसर चुकून नीट बसला नसेल, तर ट्रेलर चार बोटे सरकून साखळीवर थांबतो. तो थांबलाच राहिला, हलला नाही, हे पाहून मग साखळ्या काढतात.

पुढचे काम सोपे. जिभेचा जॅक फिरवायचा आणि लांबीच्या दिशेचा बुडबुडा मध्ये आणायचा. या जॅकखाली मात्र फळी लागते. तीन-चारशे किलोंचा भार साधारण १५ सेंटिमीटर चौरस पायावर येतो. ओल्या मातीत तो पाय संध्याकाळपासून रुतू लागतो आणि सकाळपर्यंत घर नाक खाली करून बसते. ३० सेंटिमीटर चौरस फळी टाकली, की क्षेत्रफळ चौपट आणि मातीवरचा दाब पाव. रात्री पाऊस पडला, तर सकाळी बुडबुडा पुन्हा पाहावा लागतो.

स्थिरक जॅक लावूनही ट्रेलर का हलतो?

चार कोपऱ्यांतल्या चार जॅकना पाहून बहुतेकांचा गैरसमज होतो, की ट्रेलर उचलून सरळ करायचा तो यांनीच. मोठ्या मोटारहोममधले हायड्रॉलिक जॅक खरोखर अख्खी गाडी उचलतात. साध्या ट्रेलरचे कात्रीसारखे जॅक त्यासाठी नसतात. ब्रिटनमध्ये त्यांना ‘स्टेडी’ म्हणतात, ते नाव जास्त प्रामाणिक आहे.

ट्रेलरची चौकट लांब आणि बऱ्यापैकी लवचीक असते. एक कोपरा जोराने वर रेटला तर घर सरळ होत नाही, चौकट पिळली जाते. लक्षण म्हणजे दार चौकटीत घासू लागते, खिडकीची काच कुरकुरते. ज्या ट्रेलरची एक भिंत मोटरने बाहेर सरकून खोली रुंद करते, तिथे पीळ सर्वांत महाग पडतो. भिंत वाकडी सरकते, रबरी पट्टी फाटते आणि पुढच्या पावसात पाणी आत येते. (ही भिंत स्थिरक लावण्याआधी सरकवायची की नंतर, यावर कंपन्यांचे एकमत नाही. आपल्या ट्रेलरची पुस्तिका सांगेल तेच करावे. ट्रेलर सरळ झाल्याशिवाय ती सरकवू नये, यावर मात्र सगळे सहमत आहेत.)

दुसरी अडचण भूमितीची. तीन पायांचे स्टूल कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. कारण तीन बिंदूंतून नेहमीच एक प्रतल जाते. चौथा पाय आला की वाद सुरू होतो. हॉटेलातल्या टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी असते, ती याच वादातली तडजोड. ट्रेलरचे चार स्थिरक, जिभेचा जॅक आणि चाके मिळून तर आधारांची गर्दीच होते. एक कोपरा घट्ट केला की त्याच्या शेजारचे कोपरे सैल पडतात. त्यामुळे चारही थोडे-थोडे, फिरून-फिरून घट्ट करायचे. जमिनीला टेकल्यावर हँडलचा अर्धा फेरा पुरतो. अंग घाम येईपर्यंत फिरवणे म्हणजे चौकट पिळणे.

अनुभवी मंडळी एक युक्ती करतात. जिभेचा जॅक किंचित खाली घेतात, म्हणजे मागची बाजू थोडी उचलली जाते. त्या स्थितीत मागचे दोन स्थिरक जमिनीला टेकवतात. मग जीभ पुन्हा मूळ जागी वर आणली, की मागची बाजू खाली येऊन त्या दोघांवर आपोआप दाब बसतो. हे इंच-दीड इंचापुरतेच करायचे असते.

इतके करूनही आत कुणी चालले की घर हलते. कारण ट्रेलरचे वजन अजूनही स्प्रिंग आणि टायरवरच असते. कात्रीजॅक उभा भार पेलतात, आडवा धक्का मात्र त्यांना सहन होत नाही. उभ्या दोन बांबूंचे मखर ढकलले की कलते, तिरका बांबू मारला की ताठ होते. तसेच इथेही जॅकना तिरके दांडे लावून त्रिकोण तयार करतात. दोन आस असतील तर दोन टायरच्या मध्ये ताणून बसणारा अडसर लावला, की पुढे-मागे होणारी हालचाल बरीच कमी होते. तो अडसर जास्तीचा आहे, चाकाखालच्या पाचरीच्या जागी नाही. आणि ट्रेलर कितीही भक्कम बसलेला वाटला तरी नुसत्या जॅकच्या भरवशावर त्याच्याखाली कधीच शिरू नये, अगदी घरंगळलेला चेंडू काढायलासुद्धा नाही.

महाराष्ट्रात याचा संबंध कुठे?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, केरळने त्याच वर्षी ‘केरॅव्हॅन केरळ’ सुरू केले. आपल्याकडे सध्या दिसतात त्या प्रामुख्याने बस किंवा टेम्पोच्या सांगाड्यावर बांधलेल्या गाड्या. त्यांना हँडब्रेक असतो, त्यामुळे चालू लागण्याचा धोका कमी. पण गाडी सपाट हवी, हा नियम त्यांनाही लागू आहे. कोकणात उताराच्या वाडीत किंवा सह्याद्रीच्या पायथ्याला पावसाळ्यात गाडी उभी करताना चाकाखाली रुंद फळ्या घेऊन जाणे हे अमेरिकेपेक्षा इथे अधिक गरजेचे ठरेल. अमेरिकेत अनेक ठिकाणी ट्रेलरसाठी खडीची किंवा काँक्रीटची पट्टी केलेली असते, आपल्याकडे बहुतेकदा शेतच असते.

निघताना काय?

सगळे उलट क्रमाने. बाहेर आलेली भिंत आत, स्थिरक वर, मग जीभ ट्रकच्या गोळ्यावर, खिळ बसली का ते पाहण्यासाठी जॅकने जीभ किंचित वर ओढून चाचणी, साखळ्या, वायर. चाकांचे अडसर सर्वांत शेवटी. घाई असते, मुले गाडीत बसलेली असतात, त्यामुळे खाली राहिलेले स्थिरक रस्त्यावर घासत नेण्याचे प्रकार होतात. ते टाळायला अनेक जण जॅकचे हँडल चालकाच्या आसनावर आणून ठेवतात. ते हँडल जागेवर नसेल, तर एक जॅक अजून खाली आहे. ठोकळे मात्र चाक उतरल्यावरच निघतात आणि चिखलात रुतलेला एखादा मागे राहतो, म्हणून ते मोजून पिशवीत भरतात.